बारावे चित्र

अनोळखी माणसाला वेळ विचारण्याचीही मला भीड. परंतु कोणाच्या गळ्यात जुना कॅमेरा दिसला की जीभ आपण होऊन सुटते. परवा धोपाव्याहून दाभोळास येताना फेरीबोटीवर एका गृहस्थांजवळ दोन भिंगांचा रोलायफ्लेक्स होता. ‘जरा पाहू का?’ मी विचारलेच. त्याच्या काचेत डावे ते उजवे दिसते. नांगरलेल्या मचव्याकडे पाहताना आपण माघारी धोपाव्यासच निघालो, असा भास झाला.

‘किती चित्रे निघतात?’

‘१२० नंबरची फिल्म, बारा. अकरा वडिलांनी काढली. ते वैशाखात गेले. बाराव्यासाठी कळ दाबायला हात धजत नाही.’

समोर शाही मशिदीचा सतराव्या शतकातला घुमट उन्हात उजळला होता. ‘मग आता घ्या की!’ हे शब्द मी कष्टाने गिळले. धक्का आला. त्यांनी झाकण मिटले. मी वाचाळ, नमस्कार करावयासही विसरलो.