भट्टीनं खाल्लेलं वजन

आबा चुन्याच्या भट्टीवर कामाला होते. कोळसा आणि चुनखडीचे थर रचायचे, पेटवायचं आणि भाजून झालं की खालून कळीचा चुना ओढायचा. हाताची कातडी कायम फुटलेली.

मी अकरावीला होतो त्या वर्षी मालकानं नवा दिवाणजी ठेवला. तो आत जाणारा दगड आणि बाहेर येणारा चुना, दोन्ही काट्यावर घालायला लागला. दगड १००० किलो, चुना ५००.

"निम्मा माल गेला कुठं?"

"भट्टी खाती, दिवाणजी," आबा म्हणाले.

दिवाणजी हसला आणि शनिवारी पगारातनं पैसे कापले. त्या रात्री आबा जेवले नाहीत.

त्याच आठवड्यात कॉलेजात मोल चालू होता. मोल म्हणजे डझनासारखंच माप. डझनात १२, मोलात ६.०२२ × १०²³ कण. तो आकडा पाठ करून आम्ही मोकळे झालो होतो. सरांनी उदाहरण घातलं ते नेमकं चुनखडीचं. एक मोल कॅल्शियम कार्बोनेट भाजलं की एक मोल चुना आणि एक मोल कार्बन डायऑक्साइड. दोन्ही बाजूंचे अणू बरोबर जुळतात. कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन सोळा त्रिक ४८. बेरीज १००. चुना ४० आणि १६, म्हणजे ५६. राहिलेले ४४ वायू होऊन हवेत जातात.

मी बाकावरच ताठ झालो. भट्टी खरंच खात होती!

घरी येऊन हिशेब मांडला. १००० किलो म्हणजे १०,००० मोल दगड. चुनाही तितकेच मोल, ५६ ग्रॅमनं ५६० किलो. आणि काट्यावर तर ५०० भरले होते. साठ किलोवर पेन थांबलं. दगडात माती असती तर वजन उलट कमी घटलं असतं, म्हणजे तीही पळवाट नव्हती. खोटं कशाला सांगू, मी आबांकडं चोरून बघितलं.

"काय रं?"

सांगितलं. ते रागावले नाहीत.

"आरं, कच्चं खडं बाजूला काढतू की. पन्नासेक किलो निघालं. ते फुडच्या भरणीत जात्यात."

म्हणजे भाजला तो दगड ९५० किलो. त्याचा चुना ५३२. उरले ३२ किलो.

"राखंत चुरा मिसळतू, त्यो कोण निवडणार?"

मला त्यांच्याकडं बघवेना.

सकाळी आबा तो कागद घेऊन गेले. दिवाणजीनं दोनदा वाचला, घडी करून वहीत ठेवला. कापलेले पैसे काही परत आले नाहीत. पुढच्या भरणीला मात्र कच्चे खडे आणि राख वेगळी तोलली गेली.


आबांना चुरवलेला संशय दिवाणजीचाच माहीत होता. माझा मी कधी बोललो नाही.