गो, वेंट, गॉन

अंबड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्हाला इंग्रजी भेटली ती पाचवीत. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली २००० साली. तोवर आमची पिढी पोटामागे लागली होती. गुरुजी फळ्यावर तीन रकाने आखायचे आणि आम्ही पाढ्यांसारखं घोकायचो : गो, वेंट, गॉन, टीच, टॉट, टॉट. पाठ झालं, पण जिभेला वळण लागलं नाही.

पुढे जालन्यात नोकरीसाठी मुलाखतीला गेलो. शिक्षण अर्धवट का सोडलं, असं साहेबांनी इंग्रजीत विचारलं. अब्बा आजारी होते, म्हणून कॉलेजात गेलो नाही, एवढंच मला सांगायचं होतं. मी म्हणालो, "आय डिड नॉट वेंट." साहेब शेजारच्याकडे पाहून हसले. अब्बांच्या आजाराबद्दल कुणीच विचारलं नाही.

परवा मुलीच्या वहीत 'टीच्ड' दिसलं आणि माझ्याही ओठांवर तेच हसू आलं. ती म्हणाली, "अब्बा, वॉकचं वॉक्ड होतं, मग टीचचं टीच्ड का नाही?"

पोरीचं काय चुकलं? तिने नियमच तर लावला होता. मराठीत 'जा'चं 'गेला' होतं, 'जाला' होत नाही. रोजच्या वापरातली क्रियापदंच जास्त वाकडी. ती कानाने शिकायची असतात, आणि आमच्या कानावर इंग्रजी होती कुठे? घरातल्या दखनीत तर 'किया'चं 'कर्‍या' होतं. त्याला अशुद्ध म्हणणाऱ्यांना ठाऊक नसतं, की 'बोल्या', 'देख्या' अशी रूपं जुन्या दखनी शायरीत मानाने बसली आहेत.

तरीही मी तिला 'टॉट' लिहायला लावलं. घरात 'कर्‍या' खुशाल बोल, पण परक्यापुढे अर्ज ठेवताना त्याला हसायला जागा देऊ नकोस. तो चूक बघत बसतो, आपलं म्हणणं राहून जातं. मग 'डिड'ही समजावलं : भूतकाळाचं ओझं 'डिड'ने उचललं, की 'गो' मोकळा.

"म्हणजे कसं?" तिने विचारलं.

"आय डिड नॉट गो. माय फादर वॉज इल."

पोरीने पेन्सिल खाली ठेवली. "दादा कू क्या हुआ था, अब्बा?"