सावकाश होगप्पा

आमच्या घरी प्रवासाला निघताना निरोप दोन भाषांत मिळतो. माझं माहेर मराठी, सासर कानडी. मी देवासमोर साखर ठेवते आणि सासूबाई दारात उभ्या राहून लेकाला सांगतात, "सावकाश होगप्पा." 'सावकाश' हा शब्द आपल्या बेळगाव भागात मराठीचाही आणि कन्नडचाही. त्यामुळे लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंचं मला कळलेलं पहिलं वाक्य हेच.

माझे सासरे के.एस.आर.टी.सी.त ड्रायव्हर होते. बेळगाव-पणजी गाडी त्यांनी कितीतरी वर्षं चालवली. घाट उतरून गाडी थांबली की चहाला जाण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारत. प्रत्येक चाकाजवळ, न शिवता, तळहात धरून बघत. एखादं चाक इतरांपेक्षा जास्त तापलंय असं वाटलं की चहा राहिला बाजूला. सासूबाईंनी हे आयुष्यभर ऐकलेलं. म्हणून २०२५च्या आषाढात आम्ही बऱ्हाणपूरला निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "ब्रेक नोड्सिदेनप्पा?" ब्रेक दाखवून घेतलेस का रे?

"एल्ला सरि ऐति, अव्वा," हे म्हणाले. "ही हायब्रिड गाडी आहे. हिचे ब्रेक झिजतच नाहीत."

ही गाडी आम्ही २०२३च्या गुढीपाडव्याला घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या या गाड्या जगात गाजल्या त्या टोयोटाच्या प्रियसमुळे. ती जपानात १९९७ साली आली. आपल्याकडे २००८ साली होंडा सिव्हिक हायब्रिड आली, २०१० साली प्रियस आली, आणि २०१३पासून तर बंगळुरूजवळच्या बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात हायब्रिड कॅमरी तयार होऊ लागली. "नम्म कर्नाटकद गाडी," असं हे कौतुकाने म्हणायचे.

ब्रेक कमी झिजतात हे यांचं म्हणणं खोटं नव्हतं. साध्या गाडीत आपण ब्रेक दाबला की पॅड डिस्कला घासतात, गाडीचा वेग उष्णता होऊन वाया जातो. हायब्रिडमध्ये हलका ब्रेक दाबला की आधी मोटरच उलटी जनित्रासारखी फिरते, गाडी हळू होते आणि तयार झालेली वीज बॅटरीत जाते. पॅड पुढे येतात ते जोरात ब्रेक मारला तर, किंवा गाडी अगदी थांबायला आली की शेवटच्या टप्प्यात. म्हणून नीट राखलेल्या हायब्रिडचे पॅड साध्या गाडीपेक्षा पुष्कळ जास्त टिकतात.

पण याची दुसरी बाजू आम्ही कधी ऐकून घेतली नाही. जी वस्तू कमी वापरली जाते, ती गंजते. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. आमची गाडी अंगणात उघड्यावर, आठवड्यातून दोनदा बाजारात जाणार. साध्या गाडीत डिस्कवर चढलेला गंज रोजच्या घासण्याने निघून जातो, इथे तो तसाच राहतो. सर्व्हिसिंगच्या वेळी मुलगा म्हणाला होता, "चाकं काढून ब्रेक साफ करून घेऊ का? हजार-बाराशे होतील." हे माझ्याकडे बघून म्हणाले, "कशाला? हायब्रिड आहे." आणि मीही मान डोलावली. त्या महिन्यात घरात पाहुणे होते, बाराशे रुपये वाचले याचं मला बरंच वाटलं. हे लिहिताना आज लाज वाटते, पण खरं ते लिहायलाच हवं.

बऱ्हाणपूर माझं आजोळ. मामा गेले, आता तिथे मामी एकट्याच असतात, वय ब्याऐंशी. आषाढ शुद्ध सप्तमी हा तापीचा जन्मदिवस. त्या दिवशी राजघाटावर जायचं, हा मामींचा आयुष्यभराचा नेम. मागच्या वर्षी गुडघ्यांमुळे तो चुकला. "यंदा मला घाटावर ने, बाई. पुढचं कोणी बघितलंय?" असं त्या फोनवर म्हणाल्या आणि आम्ही निघालो. सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास, वाटेत पुण्याला मुक्काम.

अजिंठ्याचा घाट उतरून आम्ही फर्दापूरला चहाला थांबलो. दार उघडताच मला जळका, उग्र वास आला. मी म्हटलं, "अहो, काहीतरी जळतंय." हे म्हणाले, "पुढे ट्रक गेलाय, त्याचा असेल." मला सासऱ्यांचा तळहात आठवला होता. आठवूनही मी गप्प बसले.

बऱ्हाणपूरला पोहोचलो. सप्तमीला गर्दी होते, म्हणून आदल्या दिवशी सकाळीच मामींना घाट दाखवून आणू असं ठरलं. मामी पुढच्या सीटवर, मांडीवर हळदकुंकवाची वाटी. समोर तापी, काठाला शाही किल्ला. मामी जावयाला सांगत होत्या, "जावईबापू, ती ताजमहालवाली मुमताज याच गावात वारली बरं, १६३१ साली. आणि पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंगही इथेच गेले." ते वर्ष १६६७. गावाला भेट देणाऱ्या प्रत्येकाला मामी ही दोन मरणं अभिमानाने सांगतात.

घाटाकडचा शेवटचा उतार. गाडी अगदी हळू चाललेली. यांनी थांबवायला ब्रेक दाबला आणि पुढच्या डाव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा खर्रर्र असा आवाज आला. गाडी एका अंगाला ओढली गेली आणि थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. दोन-तीन हात पुढे गेली. फुलं विकणाऱ्या बाईने घाईने टोपली मागे ओढली. यांनी सगळा जोर लावून ब्रेक दाबला, तेव्हा गाडी थांबली. पायऱ्यांचा पहिला दगड बंपरपासून वीतभर लांब होता.

कुणीच काही बोललं नाही. मामींच्या मांडीवरचं कुंकू सगळ्या लुगड्यावर सांडलं होतं. मग त्याच म्हणाल्या, "आमच्या वेळचा टांगा बरा होता. निदान घोड्याला नदी दिसायची." आम्ही हसलो, पण माझे पाय थरथरत होते. यांचा चेहरा मी इतका पांढरा कधी पाहिला नव्हता.

गावातल्या मिस्त्रीने चाक उघडलं तेव्हा उलगडा झाला. ब्रेकचा कॅलिपर दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो, म्हणून आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड डिस्कला सारखे लागतात. आमच्या पिना गंजून जाम झाल्या होत्या. कॅलिपर सरकेना, त्यामुळे ब्रेक सोडला तरी आतला पॅड डिस्कला चिकटूनच राहिला आणि पुण्यापासून सगळा रस्ता घासत आला. बाहेरचा पॅड जवळजवळ नवा, आतला मात्र खालच्या पत्र्यापर्यंत संपलेला. डिस्कवर बोट लागेल एवढे चरे. आवाज शेवटीच का आला, तेही कळलं. त्याआधी गाडी हळू करण्याचं काम बहुतेक मोटरच करत होती, त्यामुळे पॅडचं दुखणं झाकलेलं राहिलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ब्रेक झिजला नाही, सडला."

सामान जळगावहून येईपर्यंत दोन दिवस गेले. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड आणि डिस्क बदलावे लागले. वाचवलेल्या बाराशेचे किती पट गेले, तो हिशेब मी इथे मांडत नाही.

वाचकहो, आपल्या भागात आता या गाड्या बऱ्याच दिसतात, म्हणून आम्ही जे शिकलो ते सांगते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, चारही चाकं काढून ब्रेक साफ करून घ्या. पिनांना ब्रेकसाठीचंच खास ग्रीस लावायला सांगा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. आतला आणि बाहेरचा दोन्ही पॅड बघा. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो, तीनच्या आसपास आला की बदला. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीत बदला, मग गाडी चालो की उभी राहो. आणि हे काम हायब्रिडची माहिती असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. काही हायब्रिडमध्ये ब्रेकचा पंप आपोआप चालू होऊन दाब देतो, म्हणून काम करताना गाडी पूर्ण बंद आणि चावी लांब हवी.

सप्तमीला आम्ही रिक्षाने राजघाटावर गेलो. गर्दी होती. दोन्ही बाजूंनी हात धरून मामींना चार पायऱ्या उतरवलं. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि आधी जावयाच्या, मग माझ्या कपाळाला. आदल्या दिवशीचा विषय त्यांनी काढला नाही, कधीच काढला नाही.

परतीच्या वाटेवर अजिंठ्याचा घाट चढून आम्ही थांबलो. मी चहा सांगायला गेले आणि मागे वळून पाहिलं, तर हे गाडीभोवती फिरत होते. प्रत्येक चाकाजवळ वाकून, न शिवता तळहात धरून. चहा गार झाला, तरी मी हाक मारली नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं, अगदी सांडलेल्या कुंकवासकट. त्या बराच वेळ गप्प बसल्या. यांना एका शब्दानेही बोलल्या नाहीत. पण आता हे कोपऱ्यावरून दूध आणायला निघाले तरी दारातून आवाज येतोच, "सावकाश होगप्पा." आणि पूर्वी नुसती मान हलवणारे हे आता थांबतात, वळून म्हणतात, "हूं, अव्वा."