परिस्थिती पाहून ठरवा

वडिलांची मेडलं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असत. पश्चिमी स्टार, संग्राम मेडल आणि अशीच आणखी दोन-तीन. १९७१च्या लढाईत जो जो पश्चिम आघाडीवर होता, त्याला ती मिळाली. वडील त्यांना 'हजेरीची मेडलं' म्हणत. दिवाळीच्या साफसफाईत डबा निघायचा, ते फडक्याने पुसून पुन्हा माळ्यावर टाकायचे.

ते एका रिसाल्यात रणगाडा चालवत. दफेदार म्हणून निवृत्त झाले आणि नगरलाच राहिले. तोफखाना, भिंगार या भागांत अशी घरं पुष्कळ. माझ्या मनात राग साचला तो तिथेच. जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य यांचं नाव निघालं की मी म्हणायचो, महावीरचक्र दोनदा मिळवायला काय लागतं? खाली चांगले सवार असले की झालं. मरतो तो ड्रायव्हर, गनर, लोडर. मेडल मात्र चढतं साहेबाच्या छातीवर. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत मी हे बोललो होतो आणि बक्षीसही मिळवलं होतं. वडील ऐकायला आले नव्हते.

हे माझं मत पस्तीस-चाळीस वर्षं टिकलं, आणि ते वडिलांमुळे नव्हे, माझ्या स्वतःच्या एका वाक्यामुळे हललं.

मी एसटीत होतो. नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात एका आगारात वाहतुकीची जबाबदारी माझ्याकडे होती. एका पावसाळ्यात रात्री साडेआठला एका ड्रायव्हरचा फोन आला. ओढ्याच्या पुलावर पाणी होतं, गाडीत तीस-बत्तीस माणसं होती. मागे फिरायचं तर घाटात दरड आली होती. तो म्हणाला, "साहेब, घालू का?" मी म्हणालो, "परिस्थिती पाहून ठरवा." आणि रजिस्टरमध्ये नोंद केली की चालकास योग्य ती दक्षता घेण्यास सांगितले.

गाडी सुखरूप पलीकडे गेली. कोणी मला काही विचारलं नाही. पण त्या ड्रायव्हरने दुसऱ्या दिवशी नोंदवहीवर सही करताना माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याचं ते न पाहणं मला आजही दिसतं. तो विचारत होता हो की नाही. मी त्याच्या विचारण्यातून स्वतःची मान तेवढी सोडवून घेतली होती.

त्यानंतर निवृत्तीच्या रिकामपणात मी वैद्यांबद्दल पुन्हा वाचायला बसलो. खरं सांगायचं तर या वेळीही उणं काढायलाच.

२७ जानेवारी १९२६ला अलिबागेत जन्म, १९४५मध्ये डेक्कन हॉर्समध्ये दाखल. सप्टेंबर १९६५मध्ये त्याच रेजिमेंटचे ते कमांडंट होते. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन खेमकरणकडून आत घुसली, तिच्याकडे अमेरिकी पॅटन. वैद्यांकडे शर्मन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये मी दोन्ही पाहिलेत. तिथे मला फक्त पॅटन आवडायचा. शर्मन उंच, बोजड, एखाद्या जुन्या कपाटासारखा. पॅटनच्या ९० मिलिमीटर तोफेसमोर या कपाटात बसून थांबायचं, हे मी कधी मनात उभं करून पाहिलंच नव्हतं.

कारण तिथली, असल उत्तरची लढाई मुख्यतः थांबण्याची होती. कालव्याचं पाणी शेतांत सोडलं होतं, उभ्या उसात रणगाडे दडवले होते, घोड्याच्या नालेसारखी मांडणी केली होती. पॅटन चिखलात मंदावून पुढ्यात येईपर्यंत गोळा झाडायचा नाही. लवकर झाडला तर जागा कळणार, उशीर झाला तर क्रू जळणार. आपल्याकडच्या नोंदीप्रमाणे पाकिस्तानचे ९७ रणगाडे त्या भागात गेले. पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ रांगेने उभे केले होते, त्या जागेला पॅटननगर नावच पडलं. ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद इथेच जीपवरच्या तोफेने रणगाडे उडवत गेले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी झाले. वैद्यांना इथलं पहिलं महावीरचक्र. रणगाड्यांच्या रेजिमेंटचा कमांडंट तंबूत बसत नाही, तोही एका रणगाड्यातच असतो, हे दफेदाराच्या पोराला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही. वादविवादात ते सोयीचं नव्हतं.

दुसऱ्या चक्राशी मात्र मी अडलो. १९७१मध्ये वैद्य ब्रिगेडियर होते, १६व्या स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडचे. शकरगडच्या भागात बसंतर नदी. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळाने पलीकडे जागा धरली होती, पण मध्ये खोलवर माइनफिल्ड. सॅपर्स सुरुंग काढून वाट करत होते आणि ती पूर्ण झाली नव्हती. समोरून पाकिस्तानी रणगाड्यांचा उलटा हल्ला येणार हे दिसत होतं. सकाळपर्यंत आपले रणगाडे पलीकडे नसते, तर पायदळ कापलं गेलं असतं. अर्धवट मोकळ्या झालेल्या त्या अरुंद वाटेने रणगाडे पुढे घातले गेले. त्यांच्या ब्रिगेडमधल्या पूना हॉर्सचे कमांडंट होते हनूत सिंग, त्यांनाही महावीरचक्र मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याच रेजिमेंटचा एकवीस वर्षांचा अरुण खेत्रपाल जळत्या रणगाड्यातून न उतरता लढला आणि गेला. त्यालाही परमवीरचक्र. वैद्यांच्या मानपत्रात म्हटलंय की वाट पुरती साफ झालेली नसताना ब्रिगेड नेली आणि ते स्वतः लगेच पलीकडे गेले. आजवर महावीरचक्र दोनदा मिळालेले फक्त सहा जण आहेत.

इथे मी पुस्तक मिटलं. ती वाट म्हणजे माझा ओढ्यावरचा पूल. तिथेही कोणीतरी वायरलेसवर विचारलंच असणार, घालू का? आणि पलीकडून जे आलं ते 'परिस्थिती पाहून ठरवा' नव्हतं.

मग वडिलांचं एक बोलणं आठवलं. ते त्याच भागात होते, वेगळ्या ब्रिगेडमध्ये, पण माइनफिल्ड त्यांच्याही वाट्याला आली होती. मी खोदून विचारल्यावर एकदाच सांगितलं होतं. अंधारात साफ केलेल्या वाटेची पांढरी फीत तेवढी दिसते, तिच्यावरून डोळा हलवायचा नाही. भीती? भीती होती की. "पण हुकूम आला होता ना. चुकला असता तर साहेबाचा चुकला असता. आपण फक्त ट्रॅक सांभाळायचा." तेव्हा मला यात गुलामी दिसली होती. आज वाटतं, वरच्या माणसाने ओझं उचललं की खालच्याचे हात गाडी चालवायला मोकळे होतात, एवढंच ते सांगत होते.

माझा सगळा राग मात्र गेलेला नाही, तसं सांगणं खोटं होईल. त्या रणगाड्यांत चौघं असत. खेत्रपालचं नाव पोरांना पाठ असतं, त्याच्या क्रूचं नाव विचारा, गप्प होतात. आणि ऑगस्ट १९८३पासून लष्करप्रमुख असलेल्या वैद्यांच्या कारकिर्दीतच जून १९८४ची सुवर्णमंदिरावरची कारवाई झाली. त्या हुकमाकडे मला बसंतरच्या हुकमासारखं पाहता येत नाही. आपल्याच माणसांच्या देवळात रणगाडे न्यावे लागले, याचा हिशेब कोणत्याही मानपत्रात बसत नाही. त्याची किंमत मात्र त्यांनी स्वतः मोजली. जानेवारी १९८६अखेर निवृत्त होऊन ते पुण्याला राहायला आले आणि १० ऑगस्टला मोटरसायकलवरून आलेल्या हल्लेखोरांनी भर रस्त्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

ती बातमी आम्ही नगरला रेडिओवर ऐकली. मी तेव्हा तरुण होतो, एसटीत नुकता लागलेलो, आणि बातमीवर काहीतरी तिखट बोललो. वडिलांनी मला हाताने थांबवलं. दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा त्यांचा चष्मा दुरुस्तीला होता, म्हणून मलाच वाचायला सांगितलं. पत्नी शेजारी होत्या, बाजारातून घरी परतत होते, इथपर्यंत आलो तेव्हा त्यांनी विचारलं,

"गाडी कोण चालवत होतं?"

"स्वतःच," मी म्हणालो.

ते उठले आणि माळ्यावरचा डबा काढायला स्टूल घेऊन आले. दिवाळीला अजून बराच अवकाश होता.