दहा दिवसांची शिक्षा

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत समास शिकवीत असतां मागील बांकावरील एक विद्यार्थी बोटांनीं ताल धरून कांहीं पुटपुटत असल्याचें माझ्या दृष्टीस पडलें. मीं त्याची वही घेऊन पाहिली. तींत समासांचीं उदाहरणें नव्हतीं. होतीं तीं त्यानें स्वतः रचलेलीं रॅपचीं पद्यें. मीं वही कपाटांत कुलूपबंद केली आणि त्याला दोन दिवस वर्गाबाहेर बसविलें.

या मुलांना रॅपमध्यें एवढें काय गोड वाटतें, हें पाहावें म्हणून पुढें मी त्याविषयीं वाचूं लागलों. रॅप म्हणजे तालावर बोलून म्हटलेलें यमकबद्ध पद्य. ज्या हिप-हॉप कलेचें तें अंग आहे, ती १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील ब्राँक्स या भागांतील गरीब वस्तींत जन्मास आली. तेथील मेळ्यांतील संगीत कॅसेटींवर उतरून हातोहात खपत असे. त्या कॅसेटींस मिक्सटेप म्हणत. पुढें कॅसेट गेली, नांव मात्र राहिलें. आज नवोदित कलावंतानें कोणत्याही कंपनीच्या आश्रयावांचून तयार करून, बहुधा विनामूल्य, लोकांपुढें ठेवलेल्या गीतसंग्रहासही तेंच नांव आहे.

वाचतां वाचतां शिकागोच्या एका तरुणाची हकीकत हातीं आली. चान्स द रॅपर या नांवानें तो ओळखला जातो. शाळेच्या अखेरच्या वर्षीं, २०११ मध्यें, नियमभंगाबद्दल त्याला दहा दिवस शाळेबाहेर ठेवण्यांत आलें. त्या दिवसांत त्यानें गीतें रचलीं. शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत मुलांसाठीं ध्वनिमुद्रणाची सोय होती. तेथें त्याचें जाणें-येणें असे. एप्रिल २०१२ मध्यें त्याची मिक्सटेप विनामूल्य प्रसिद्ध झाली. तिचें नांव 'टेन डे', म्हणजे दहा दिवस! पुढें २०१७ मध्यें त्याच्या 'कलरिंग बुक' या संग्रहास ग्रॅमी पारितोषिक मिळालें. विक्रीस न ठेवतां केवळ इंटरनेटवरून ऐकविलेल्या संग्रहास मिळालेलें तें पहिलेंच. त्याच वर्षीं त्यानें शिकागोच्या सार्वजनिक शाळांना दहा लक्ष डॉलर देणगी दिली.

ती शिक्षा अन्यायाची होती, असें मी म्हणत नाहीं. नियम हवेतच, आणि नियम मोडणारा प्रत्येक मुलगा कवि निघतो असेंही नाहीं. परंतु त्या मुलास शाळेचें दार बंद झालें, तेव्हां ग्रंथालयाचें दार उघडें होतें. मीं माझ्या विद्यार्थ्यासाठीं कोणतें दार उघडें ठेविलें होतें? त्याची वहीसुद्धां माझ्याच कुलपांत होती!

त्या रात्रीं मीं ती वही प्रथमच नीट वाचली. एका पद्यांत आईच्या मजुरीविषयीं लिहितांना त्यानें 'घामभाकर' असा शब्द योजिला होता. घाम गाळून मिळविलेली भाकर! मध्यमपदलोपी समासाचें इतकें जिवंत उदाहरण माझ्या टिपणांत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं, कोणाचें नांव न घेतां, मीं तो शब्द फळ्यावर लिहिला व विग्रह विचारला. मागील बांकावर एक मान खालीं गेली. मग हळूच वर आली.

तास संपल्यावर मीं वही परत केली. "सर, तुम्हीं वाचलीत?" त्यानें भीत भीत विचारलें.

"वाचली. दोन ठिकाणीं ताल मोडतो."

दुसऱ्या दिवशीं शाळा भरण्यापूर्वींच तीं दोन ठिकाणें दुरुस्त करून तो माझ्या दाराशीं उभा होता.