काय मरू द्यायचं, काय जपायचं

क्लाउडच्या कन्सोलवर पहिल्यांदा लॉगिन केलं की सेवांची जी यादी समोर उघडते, ती पाहून चांगला शिकलासवरलेला माणूसही गांगरतो. एकट्या ॲमेझॉनच्या यादीत दोनशेहून जास्त सेवा आहेत. लॅम्डा, ऑरोरा, ग्लेशियर, फारगेट अशा नावांवरून आत काय दडलंय याचा काही पत्ता लागत नाही. मायक्रोसॉफ्ट आणि गूगलची नावं आणखी वेगळी. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं-मुली वह्या काढून ही नावं लिहून घ्यायला लागतात आणि मी त्यांना थांबवते. यादी पाठ करून या कामात कोणी तयार होत नाही. प्रत्येक सेवेपुढे उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: ही या क्षणी नाहीशी झाली, तर माझं काय गेलं?

‘काहीच नाही, दुसरी सुरू करीन’ असं उत्तर आलं, तर ती कंप्युट, म्हणजे काम करणारं यंत्र. ‘सगळंच गेलं’ असं आलं, तर तो डेटा. क्लाउडवरचं बहुतेक शहाणपण या दोन उत्तरांची गल्लत न करण्यात आहे, असं माझं इतक्या वर्षांच्या कामानंतरचं ठाम मत आहे.

कंप्युटपासून सुरुवात करू. ऑगस्ट २००६मध्ये ॲमेझॉनने ईसी-टू ही सेवा चाचणी स्वरूपात खुली केली. तिथलं पहिलं मशीन आजच्या मानाने अगदी साधं होतं: पावणेदोन जीबीच्या आसपास मेमरी, १६० जीबी डिस्क, आणि भाडं तासाला दहा सेंट. एका मोठ्या सर्व्हरवर हायपरव्हायझर नावाचा थर बसवून त्याची अनेक स्वतंत्र मशीन्स करायची, ही युक्ती आयबीएमच्या मेनफ्रेमवर कितीतरी आधीपासून होती. नवं होतं ते हे, की कोणीही कार्ड नंबर देऊन काही मिनिटांत मशीन घ्यावं, काम झालं की सोडून द्यावं. त्याआधी सर्व्हर मागवायचा तर कोटेशन, मंजुरी, खरेदी, मग रॅकमध्ये बसवणं, केबल ओढणं. इतक्या कष्टाने आलेल्या यंत्रावर माणसाचा जीव जडायचाच. आमच्या जुन्या सर्व्हर रूममध्ये यंत्रांना गडकिल्ल्यांची नावं होती. ‘राजगड स्लो झालाय, बघ जरा’ असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि त्याच्यावर हाताने एकेक पॅच चढवत बसायचो.

क्लाउडवर हा जिव्हाळा मोडून काढावा लागतो. इथल्या मशीनला अंक आणि अक्षरांचा एक लांबलचक आयडी असतो आणि तेवढंच त्याचं नाव. चालू मशीनमध्ये शिरून फाइल बदलायची नाही. बदल इमेजमध्ये, म्हणजे मशीनच्या साच्यात, किंवा स्क्रिप्टमध्ये करायचा, नवं मशीन उभं करायचं, जुनं टाकून द्यायचं. ऑटो-स्केलिंग यावरच चालतं: लोड वाढला की मशीन्स वाढतात, उतरला की कमी होतात, आणि कोणतं गेलं याची कोणाला खबरही नसते. २०१३मध्ये डॉकर आलं, पुढच्याच वर्षी गूगलने कुबरनेटीस खुलं केलं, आणि मशीनच्या जागी कंटेनर, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं, हे एकक झालं. २०१४च्याच नोव्हेंबरात ॲमेझॉनने लॅम्डा जाहीर केली. तिथे मशीन दिसतच नाही. आपण फक्त फंक्शन द्यायचं, विनंती आली की ते चालतं, आणि आज जास्तीत जास्त पंधरा मिनिटांत ते संपावंच लागतं. या तिन्हींकडे एका ओळीत पाहिलं तर कंप्युटचं आयुष्य दर टप्प्यावर आखूड होत गेलेलं दिसेल.

हे सगळं वर्गात सांगून नीट पोचत नाही, म्हणून मी एक गणित घालते. दहावीच्या निकालाचा दिवस. दुपारी एक वाजता निकाल लागणार, पंधरा लाखांवर मुलं, प्रत्येकाच्या घरात दोन-तीन मोबाइल, आणि एकच पान. बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकायचं, गुण दिसायचे. अशी साइट तुम्ही कशी बांधाल?

बहुतेक जण पहिल्या झटक्यात सांगतात, मोठा डेटाबेस घेऊ आणि पुढे भरपूर वेब सर्व्हर लावू. मग मी विचारते, एक वाजून पाच सेकंदांनी आधी काय पडेल? वेब सर्व्हर कितीही वाढवता येतील. पण त्यातला प्रत्येक जण मागे त्याच एका डेटाबेसची कनेक्शन्स मागणार, आणि ती संपली की सगळ्या महाराष्ट्राला फिरतं चक्र दिसत राहणार. खरी मेख अशी आहे की निकाल एकदा जाहीर झाला की त्या दुपारी तो बदलत नाही. जे बदलत नाही, त्यासाठी डेटाबेसला हात लावायचं कारणच नाही. आदल्या रात्री प्रत्येक विद्यार्थ्याची एकेक लहानशी फाइल करून ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवा. पुढे एक फंक्शन ठेवा: त्याने बैठक क्रमांकावरून फाइल उचलायची, आईचं नाव जुळवायचं, गुण परत द्यायचे. पान, चित्रं, फॉन्ट हे सगळं सीडीएनवर, म्हणजे ते वाचकाच्या जवळच्या शहरातूनच जाईल.

आता आकडे लावा. लॅम्डावर खात्याला साधारणपणे एका वेळी १,००० फंक्शन्स चालवण्याची मर्यादा असते. एका तपासणीला शंभर मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला दहा हजार निकाल. पंधरा लाख मुलांना, प्रत्येकी एकदा, अडीच मिनिटांत. घरचे, शेजारचे आणि पुन्हापुन्हा रिफ्रेश करणारे धरले की हे पुरणार नाही, म्हणून मर्यादा वाढवून मागायची, आणि ती निकालाच्या सकाळी नव्हे तर बरीच आधी. स्टोरेजच्या बाजूलाही हिशेब आहे. एस-थ्रीमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, एका प्रीफिक्समागे, म्हणजे फाइलच्या नावाच्या एका सुरुवातीमागे, सेकंदाला निदान ५,५०० वाचनं मिळतात. म्हणून सगळ्या फाइल एकाच नावाच्या पोटात न कोंबता बैठक क्रमांकाप्रमाणे पसरायच्या आणि आधी खोटा लोड टाकून पाहायचं. संध्याकाळी गर्दी ओसरली की फंक्शन्स आपोआप शून्यावर येतात, त्यांचं भाडं थांबतं. फाइली मात्र जागच्या जागी राहतात. एवढं उदाहरण कळलं की मुलं पुढे आपणहून विचारायला लागतात, ‘मॅडम, इथे मेलं तर चालणारं काय आहे?’ मला तेवढंच हवं असतं.

स्टोरेज ही क्लाउडची ईसी-टूच्याही आधीची सेवा. एस-थ्री १४ मार्च २००६ला सुरू झाली, जीबीमागे महिन्याला पंधरा सेंट या दराने. तिचं काम स्टेशनवरच्या क्लोकरूमसारखं आहे. पूर्ण बॅग द्यायची, पावती घ्यायची, पावती दाखवून बॅग परत घ्यायची. आत जाऊन बॅगेतला एकच शर्ट बदलता येत नाही. ज्याला फाइलच्या मधोमध सतत लिहायचं आहे, उदाहरणार्थ डेटाबेसला, त्याच्यासाठी ब्लॉक स्टोरेज असतं, म्हणजे मशीनला जोडलेली डिस्क. अनेक मशीन्सना एकच फोल्डर लागत असेल तर फाइल स्टोरेज. या दोन्हींबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. गरज पडली की ती आपोआप कळतात.

एस-थ्रीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. तिचा टिकाऊपणा ९९.९९९९९९९९९ टक्के, अकरा नऊ. कंपनीच्याच भाषेत, एक कोटी फाइल ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एक हरवेल. हा आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच घात होतो. हा भरवसा डिस्क बिघडण्याविरुद्ध आहे. तुमच्याच स्क्रिप्टने फाइल पुसली, तर यंत्रणा ती आज्ञा इमानेइतबारे पाळते. त्यापासून वाचायला व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपणं, चालू करावं लागतं आणि एक प्रत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते.

टिकणं आणि मिळणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. २८ फेब्रुवारी २०१७ला अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांच्या समूहात, एस-थ्री कित्येक तास कोलमडली. बिलिंगची यंत्रणा मंदावली होती म्हणून काही सर्व्हर काढायला गेलेल्या कर्मचाऱ्याच्या आज्ञेत एक नोंद चुकली आणि ठरलं होतं त्याहून खूप जास्त सर्व्हर निघाले. कितीतरी साइट्सवरची चित्रं गायब झाली. ॲमेझॉनचं सेवांची प्रकृती दाखवणारं पानही एस-थ्रीवरच अवलंबून असल्यामुळे बराच वेळ त्याच्यावर खरी स्थिती दिसेना. तरी डेटा शाबूत होता. फक्त हाताशी नव्हता. याच्या उलट, १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत खाक झाली. ज्यांची दुसरी प्रत त्याच आवारात होती किंवा नव्हतीच, त्यांचा डेटा कायमचा गेला. डेटा शेवटी कुठल्या तरी इमारतीतल्या लोखंडावरच लिहिलेला असतो, हे त्या दिवशी अनेकांना पहिल्यांदा कळलं.

डेटाबेस हा माझ्या मते सगळ्यात अवघड प्रांत, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकत्र आहेत: चालणारं यंत्र आणि जपायचा ऐवज. मॅनेज्ड डेटाबेसमध्ये पॅच, रोजचा बॅकअप, मुख्य प्रत पडली तर दुसरी पुढे आणणं, हे सगळं कंपनी करते. साध्या मशीनवर स्वतः डेटाबेस बसवला की दरमहा थोडे पैसे वाचतात. तो मोह मी टाळायला सांगते. मध्यरात्री रेप्लिका, म्हणजे ती दुसरी प्रत, तुटल्यावर ती कोण जोडणार, याचं उत्तर ज्या संस्थेत एकाच माणसाच्या नावाने येतं, तिने मॅनेज्डच घ्यावं. पण एक गोष्ट कंपनी करत नाही: तुमची क्वेरी ती सुधारत नाही. इंडेक्स नाही म्हणून पूर्ण टेबल चाळणारी क्वेरी सगळ्यात महागड्या सर्व्हरवरही पूर्ण टेबलच चाळते, फक्त बिल मोठं येतं.

नेटवर्क म्हणजे या सगळ्यांच्या मधल्या भिंती आणि दारं, आणि त्याआधी जागेची निवड. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुणे, मुंबई, चेन्नई इथे रीजन सुरू केले, ॲमेझॉन २०१६मध्ये मुंबईत आलं, गूगल २०१७मध्ये. त्याआधी इथली माणसं सिंगापूरचं रीजन वापरायची आणि प्रत्येक क्लिक समुद्राखालच्या केबलमधून जाऊन परत यायची. एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच साठवायला सांगितला, तेव्हा रीजनची निवड वेगाच्या प्रश्नावरून कायद्याच्या प्रश्नावर गेली. रीजनच्या आत वेगवेगळे झोन असतात, वीज आणि इमारती अलग ठेवलेले. मेलं तर चालेल अशी मशीन्स निदान दोन झोनमध्ये पसरा, जपायचा डेटा दुसऱ्या रीजनमध्येही न्या. आणि डेटा आत टाकायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात, हे आर्किटेक्चर ठरवतानाच लक्षात घ्या.

आयडेंटिटी, म्हणजे कोणाला काय करता येईल, या सेवेकडे नवे लोक पाहतच नाहीत, आणि मोठे अपघात तिथूनच होतात. २०१९मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या अमेरिका-कॅनडातल्या दहा कोटींहून जास्त लोकांची माहिती बाहेर गेली. कुलूप तोडलं गेलं नाही. चुकीच्या सेटिंगच्या फायरवॉलमधून एका सर्व्हरची तात्पुरती ओळखपत्रं मिळाली आणि त्या सर्व्हरला गरजेपेक्षा कितीतरी जास्त बकेट, म्हणजे एस-थ्रीमधले फाइलींचे कप्पे, वाचण्याची परवानगी होती. पुन्हा तोच भेद: टाकाऊ मशीनच्या हातात मौल्यवान डेटाच्या किल्ल्या. प्रत्येक मशीनला त्याच्या कामापुरतीच परवानगी द्यावी, हे मी दर वर्गात सांगते आणि सांगत राहणार आहे.

पुस्तकी वर्गवारी यानंतर चटकन समजते. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने सप्टेंबर २०११मध्ये क्लाउडची व्याख्या प्रसिद्ध केली, त्यात तीन प्रकार आहेत. मशीन, डिस्क, नेटवर्क भाड्याने घेतलं तर आयएएएस. आपला कोड देऊन खालचं सगळं त्यांच्यावर सोडलं तर पीएएएस. तयार सॉफ्टवेअरच वापरलं, जसं आपलं जीमेल, तर एसएएएस. वर चढत जाल तशी तुमची कामं कमी होतात. डेटाची जबाबदारी मात्र तिन्हींत तुमच्याकडेच राहते.

हे वाचून कोणाला खातं उघडावंसं वाटलं, तर दोन कामं पहिल्याच दिवशी करा. मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावा, आणि बिलाची मर्यादा ओलांडली की मेल येईल असा इशारा लावा. मशीन बंद करताना त्याच्या मागे राहिलेल्या डिस्क आणि सार्वजनिक आयपी पत्ते पाहायला विसरू नका, त्यांचं भाडं चालूच राहतं. आणि जे आधीपासून या कामात आहेत त्यांना एक कळकळीची विनंती: तुमचा सगळ्यात महत्त्वाचा बॅकअप या आठवड्यात कोऱ्या मशीनवर उतरवून पाहा. तो पूर्ण उतरला, ॲप त्याच्यावर चालू झालं आणि किती वेळ लागला हे कागदावर लिहिलं गेलं, तरच तुमच्याकडे बॅकअप आहे असं म्हणा.