शाळेसमोर ताशी तीस

रस्त्यांची आखणी हे माझं काम. शाळेसमोरचा वेग मी मीटरमध्ये मोजतो. ताशी 30 किलोमीटरने येणाऱ्या चालकाला अचानक मूल दिसलं, तर पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि कोरड्या रस्त्यावर गाडी तेरा-चौदा मीटरमध्ये थांबते. ताशी 50 ने येणारी गाडी त्या एका सेकंदातच जवळजवळ 14 मीटर पुढे आलेली असते. पहिली जिथे उभी राहते, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो.

म्हणूनच कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने नोव्हेंबर 2025मध्ये वेग टिपणारे कॅमेरे बंद केले, याचं मला फार वाईट वाटतं. 2017च्या कायद्याने शाळांच्या परिसरात ते लावायची मुभा दिली होती. टोरांटोत जुलै 2020पासून दंड सुरू झाला. कॅमेरा नंबरप्लेट टिपायचा आणि नोटीस मालकाला जायची. चालक कोण होता हे ठरत नसल्याने परवान्यावर त्याची नोंद होत नसे.

टोरांटोतल्या सिककिड्स रुग्णालयाच्या आणि टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या संशोधकांनी 250 शाळांजवळचा वेग तपासला. कॅमेरा असताना मर्यादा ओलांडणाऱ्या गाड्यांचं प्रमाण 45 टक्क्यांनी घटलेलं आढळलं. एवढा फरक नुसत्या पाटीने पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

हा पैसे उकळायचा मार्ग आहे, असं प्रांताचे प्रीमियर डग फोर्ड यांचं म्हणणं. लोकांच्या रागात तथ्य होतं, ते वेगळ्या ठिकाणी. नोटीस टपालाने उशिरा यायची; तोवर माणूस त्याच रस्त्याने रोज तसाच जात राहायचा आणि मग नोटिसांचा गठ्ठा हातात पडायचा. यावर उपाय आहेत: आधी ठळक फलक, गाडीचा वेग दाखवणारा बोर्ड, पहिल्या वेळी फक्त ताकीद. कॅमेरा लपवायचा नसतोच. त्याच्यामुळे दंडाची रक्कम दरवर्षी आटत गेली, तर तो नीट काम करतोय असं मी समजेन.

बंदीनंतर सरकारने स्पीडब्रेकर, फलक वगैरेंसाठी 21 कोटी डॉलर देऊ केले. गल्लीतल्या शाळेला स्पीडब्रेकरच हवा, तिथे मी कॅमेरा मागणार नाही. पण कित्येक शाळा चौपदरी रस्त्यांना लागून आहेत. तिथून बस, बंब, रुग्णवाहिका धावतात. उंचवटा घालता येत नाही आणि रस्ता अरुंद करायला वर्षं लागतात. अशा ठिकाणी कॅमेऱ्याला पर्याय मला दिसत नाही.

भारतातही ऑगस्ट 2021मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा कॅमेऱ्यांसाठी नियम 167अ आला. उपकरणाचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं हवं, चालकांना दिसेल असा फलक हवा, 15 दिवसांत नोटीस हवी. नियम चांगला आहे, पण त्याचा भर महामार्गांवर आणि मोठ्या शहरांतल्या चौकांवर आहे. शिवाय 2018च्या केंद्रीय अधिसूचनेने पालिका हद्दीत मोटारींची कमाल मर्यादा ताशी 70 ठरवली होती. ती खाली आणणं राज्यांच्या हातात आहे. पुण्या-मुंबईत शाळेसमोर कॅमेरा बसवायचा, तर आधी त्या रस्त्यावर 30ची मर्यादा अधिसूचित करायला हवी, आणि हे काम महाराष्ट्राला आजही करता येईल.